वरवंटा आणि कार्बनची जाळी

लग्नानंतर नाशिकला आले तेव्हा माझं एम.ई. अर्धवट होतं. प्रोजेक्ट होता कार्बनच्या धाग्यांच्या जाळीदार नळकांड्याचा. राळेत भिजवलेले धागे साच्यावर तिरपे गुंडाळायचे, घट्ट झाले की साचा काढायचा. उरते हलकी, काळी, पट्ट्यापट्ट्यांची जाळी. तिच्यावर काही आदळलं तर आत काय मोडतं, ते कॉम्प्युटरवर आधीच कळावं, एवढी माझी खटपट.

सासूबाईंनी जाळी बघितली आणि म्हणाल्या, "छान आहे. कांदे राहतील."

"अगं, ते विमानासाठी असतं," सासरे म्हणाले. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले; विमान म्हटलं की ते हळवे होत.

घरात जागा नव्हती, म्हणून जाळी स्वयंपाकघरातल्या फळीखाली ठेवली होती. एका संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी न मागता शिरा पुढे केला. मला शंका आलीच.

"मांजर आलं होतं," त्या म्हणाल्या. "फळीवरचा वरवंटा पाडला त्याने. जाळीला काही झालं नाही हं."

"मांजर बरंच धट्टंकट्टं दिसतंय," सासरे पेपरामागून म्हणाले.

जाळीवर खरंच ओरखडाही नव्हता. मी नाण्याने एकेक पट्टी वाजवत गेले. टण, टण, आणि एका सांध्यावर बद्द. आतले थर सुटले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलेजातली चाचणी अजून व्हायची होती.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "तुला आदळलेलंच हवं होतं ना? मग चौकशी करू."

त्यांनी टेपने फळीची उंची मोजली, वरवंटा वाण्याकडून तोलून आणला. मी सासूबाईंना विचारलं, "आई, तो उभा पडला की आडवा?"

"मी काय बघत होते? मी ओरडत होते!"

"आणि मांजर?" सासऱ्यांनी विचारलं. मग सासूबाईंनाच हसू फुटलं, आणि वरवंटा आपल्याच हातून, तोही उभाच पडल्याचं त्यांनी कबूल केलं.

ते सगळं मी कॉम्प्युटरला दिलं. त्याच्या मते मार बसला तिथेच पट्टी तुटायला हवी होती. प्रत्यक्षात पट्टी शाबूत, सुटला होता शेजारचा सांधा. सांधे कधी सुटतच नाहीत, असं मी गृहीत धरलं होतं. ते बदलायला काही आठवडे गेले. शेवटी जाळी कापून पाहिली, तेव्हा आतली फट आणि पडद्यावरची फट एकाच जागी होती. कॉलेजातल्या चाचणीसाठी मग दुसरी जाळी केली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "ही पहिली चाचणी कोणत्या यंत्रावर घेतली?"

"घरी घेतली, सर. सासूबाईंनी."

त्यांनी माझ्या गाईडकडे पाहिलं. गाईडनी गंभीरपणे मान डोलावली. "यंत्र जपून वापरा," सर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

घरी हे सांगितल्यावर सासूबाई फणकारल्या, "मला यंत्र म्हणाले?" संध्याकाळी मात्र त्या शेजारणीला जिन्यात थांबवून सांगत होत्या, "परीक्षेला आलेल्या सरांनी खास माझी चौकशी केली."