मातृभाषेचा रकाना

राष्ट्रपती कुणाकुणाला नेमतात, हे नरसिंग मास्तरांनी आम्हाला छड्या मारमारून पाठ करून घेतलं. पंतप्रधान, राज्यपाल, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, महालेखापरीक्षक, निवडणूक आयुक्त. शेवटचं नाव ते टेबलावर हात आपटून सांगत: भाषिक अल्पसंख्याकांचा विशेष अधिकारी. "ह्यो आपला माणूस हाय रे!" बाकीच्यांशी आम्हा कर्नाटकातल्या, हळ्ळीखेडपलीकडच्या मराठी लोकांचा काय संबंध, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मास्तर निवृत्त झाले आणि आमच्या मराठी शाळेला दुसरा शिक्षकच मिळाला नाही. एकवीस लेकरं कन्नड शाळेत घालायचं घाटू लागलं. मास्तरांनी सरळ त्या आपल्या माणसाला पत्र धाडलं. मी चेष्टा केली, "मास्तर, आधी दिल्लीचं उत्तर येतंय का तुमचा जावई, बघू." मास्तरांना मुलगीच नव्हती.

उत्तर आलं. प्रवेशाचं रजिस्टर बघून मराठी मातृभाषेची मुलं मोजा, असं तालुक्याला कळवलं होतं. सोमवारी तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब येणार होते. मी पेढे घेऊन मास्तरांकडं गेलो, तर ते भिंतीला टेकून बसलेले. त्यांच्या बायको राजूबाई काकू म्हणाल्या, "दोन दिस झाले, घास उतरंना गेलाय त्यांच्या घशाखाली."

"विलास," मास्तर म्हणाले, "रजिस्टरात समद्यांची मातृभाषा कन्नड लिवलोय मी."

"कामून?"

"मराठी लिवलं तर उद्या पोरांना नोकरीत अडवतील, असं वाटलं. तुझ्या पोरीचं, स्नेहाचं नाव घालायच्या टायमाला तुलाबी इचारलतो."

विचारलं होतं. 'कन्नडच लिवा' असं मीच म्हणालो होतो.

सोमवारी साहेबांनी शाळेत सगळ्या पालकांसमोर रजिस्टर उघडलं. साहेब मराठीत बोलत होते, जवळच्या हुमनाबादचेच होते. "एकवीसच्या एकवीस कन्नड. मग मराठी शिक्षक कुणासाठी?"

मास्तर उठले. "अक्षर माझं हाय साहेब. चूक माझीच."

"तुमची नातवंडं आहेत का ह्यात?"

"न्हाईत."

"मग तुमचं चालणार नाही. सह्या पालकांच्या आहेत. चूक आहे, असं पालकानं लिहून दिलं पाहिजे. एकानं सुरुवात केली तरी मी लिहून घेतो."

दानम्मा पदराशी चाळा करत बसली. हरिबानं डोकं खाजवलं. पहिली ओळ स्नेहाची होती, म्हणून साहेबांनी मलाच विचारलं. मास्तर माझ्याकडं बघत होते, तोंडी परीक्षेला बघायचे तसे. मला पोरीचा उद्याचा नोकरीचा फॉर्म दिसत होता, आणि त्यावर तांबड्या शाईनं काहीतरी लिहिलेलं.

"बरोबर हाय साहेब," मी म्हणालो. "कन्नडच."

मास्तर चप्पल घालून निघाले. माझ्यामागून वीस जणांनी तेच सांगितलं, सगळ्यांनी मराठीत.