हिराजीचा समोरचा फोटो

टिपणीस सर गेले. आणि ते संतबिंत काही नव्हते.

सकाळपासून ग्रुपवर नुसता फुलांचा पाऊस. 'ग्रेट गुरू', 'लेजंड', आणि प्रत्येकाच्या मेसेजमध्ये सरांचं ते एकच वाक्य.

"आधी त्याचा फोटो, मग तुझा."

म्हणजे कॅमेरा घेऊन कुणाच्या दारात गेलात, तर आधी त्या माणसाचा समोरून एक साधा फोटो काढायचा. प्रिंट त्याला नेऊन द्यायची. मग काय ती तुमची कला करा.

हे वाक्य कुठून आलं ते ग्रुपवर कुणालाच ठाऊक नाही. आमच्या पहिल्या बॅचची यांच्यात मी एकटीच. म्हणून लिहितेय.

नव्वदीची सुरुवात. मी पनवेलच्या कॉलेजात. सर मुंबईच्या एका पेपरातली नोकरी सोडून नवीन पनवेलला राहायला आले होते आणि दर रविवारी आम्हा पाच-सहा जणांचं वर्कशॉप घ्यायचे.

त्यांचं बाथरूम हीच डार्करूम. लाल बल्ब, बादल्यांवर फळी, फळीवर केमिकलचे ट्रे. आम्ही यायच्या आत घरातल्यांनी अंघोळी उरकायच्या, नाहीतर त्या दिवशी पारोसं बसायचं. वहिनी काय वैतागायच्या!

सर भयंकर तापट. आणि तेव्हाचा त्यांचा नियम बरोब्बर उलटा होता.

"कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस पोज देतो. तो फ्रेममध्ये आला की स्टोरी मेली!"

आमची पहिली मोठी स्टोरी होती करंज्याचं बंदर.

तिथे हिराजी भेटला. एका बोटीवर खलाशी होता. डोक्याला टॉवेल गुंडाळून जाळं शिवत बसला होता, आणि बोलायला इतका गोड की आम्ही सगळे त्याच्याभोवतीच गोळा झालो.

मध्येच तो सरांना म्हणाला, "ओ साहेब, माजा एक समोरून काडा ना. घरान एक पन फोटो नाय माजा."

सर खेकसले, "अहो, माझ्याकडे नका बघू! जाळ्याकडे बघा, जाळ्याकडे!"

"बरं बाबा, नाय बगत."

हसला आणि मान खाली घातली. आम्ही निघेपर्यंत बिचाऱ्याने वर म्हणून बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याची बोट उलटली.

बाकीचे वाचले. हिराजी सापडलाच नाही.

रविवारी वर्कशॉप चालू असताना सरांचं दार वाजलं. हिराजीची बायको गुलाब, कडेवर तान्ही पोर, सोबत तिचा दीर. पत्ता विचारत विचारत आले होते.

"तेराव्याला हार घालाया फोटो पायजे," दीर म्हणाला. "मयत पन नाय गावली आमाला."

वहिनींनी विचारलं, लग्नातला नाही का एखादा?

"एकच व्हता. घरान पानी शिरला तवा काचेला चिकटला," गुलाब म्हणाली. "ही मोटी झाली का बाप कसा दिसं ते इचारल. मी काय दाखवू?"

सरांनी सगळ्यांचे रोल बाहेर काढले. आम्ही भिंग घेऊन एकेक फ्रेम बघत होतो, झालेल्या प्रिंट गुलाबला दाखवत होतो.

हिराजी ढिगाने होता. हात, बोटांतली सुई, टॉवेल, पाठ. ज्या हातांच्या फ्रेमला सरांनी "क्या बात है!" म्हटलं होतं, ती पण होती.

चेहरा एकातही नाही. एका फ्रेममध्ये थोडी बाजू दिसत होती, तीही टॉवेलच्या सावलीत काळी.

सरांनी तीच फ्रेम पुन्हा पुन्हा प्रिंट केली. उजळ केली, अजून उजळ केली. पण निगेटिव्हवर जे नाहीच, ते कागदावर कुठून येणार?

मग सर हट्टाला पेटले. गावात एक आर्टिस्ट होता, जुन्या फोटोंना रंग भरून, कोटबिट चढवून द्यायचा. दोघं भाऊ दिसायला सारखे, म्हणून सरांनी दिराचा समोरून फोटो काढला आणि त्या आर्टिस्टकडून हिराजी 'करून' घेतला. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!

काम चांगलं झालं होतं. मलाही तो हिराजीच वाटला.

तेराव्याला मी आणि सर एसटीने करंज्याला गेलो. ओटीवर पाट मांडलेला, हार आणून ठेवलेला, सगळं घर आमची वाट बघत होतं.

गुलाबने कागद सोडला. बघितलं. पदर तोंडाशी नेला.

"यो माजा दीर हाय."

"जित्या मान्साला हार घालू मी? एक गेला तो कमी हाय काय?"

तिची सासू किंचाळली. तिने तो फोटो ओढून घेतला, उरल्या मुलाला छातीशी धरलं आणि आम्हाला जे काही बोलली ते मी इथे लिहिणार नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

सर नुसते उभे. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा माणूस, हात जोडून उभा.

गुलाबच शेवटी पुढे आली. "तो दुसरा हाय काय तुमच्या पिशवीन? जाला शिवताना, मागून काडलेला?"

होता.

"तो द्या," ती म्हणाली. "पाठ तरी त्याची हाय."

आणि त्या पाठमोऱ्या फोटोला हार घातला. लेकीचे हात धरून गुलाबने तिला नमस्कार करायला लावला.

परत येताना एसटीत सर खिडकीबाहेर बघत होते. पनवेल स्टँडवर उतरलो तेव्हा एवढंच म्हणाले, "तो बघत होता गं माझ्याकडे. मीच नको म्हटलं."

सर, मी ओरडा खूप खाल्ला तुमचा. तरी तुम्ही मला अजून हवे होतात.

या आता. नमस्कार करते.