चौथ्या पिढीचा घोडा

तुमच्या घरातला माणूस पिस्तूल विकत घ्यायला निघाला, तर तुम्हाला ते कळेल का? मला कळलं नाही. मी त्याच घरात राहत होते, त्याच टेबलावर जेवत होते, त्या खरेदीविरुद्ध मी एक पत्रकसुद्धा काढलं. तरीही कळलं नाही.

नेदरलँड्समध्ये लॉकडाऊन लागला आणि मी युट्रेख्टची खोली सोडून हार्लेमला ताईकडे राहायला आले. ताईचा नवरा, म्हणजे मंदार भावोजी, आयटीतले. माळ्यावर बसून ऑफिस करायचे. तुलना केल्याशिवाय हा माणूस काहीही घेत नाही. भाताच्या कुकरसाठी त्यांनी तीन आठवडे एक्सेल शीट भरली. शेवटी दोन कुकर बरोबरीत सुटले, म्हणून आम्ही अजून पातेल्यातच भात करतो.

मी मात्र पत्रकांवर वाढले. बाबा पुण्यात पत्रकं लिहायचे, ताई आणि मी ती चौकात वाटायचो. ताई सुधारली.

एका दुपारी चहा घेऊन वर गेले, तर भावोजी मुंबईच्या मित्राशी फोनवर बोलत होते.

"तिसऱ्या पिढीचा घोडा दणकट आहे रे, पण चौथ्या पिढीचा धक्का कमी देतो. पाठ बदलता येते, लहान-मोठी."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"पाचव्या पिढीचा? तो डावखुऱ्यालाही चालतो. जड आहे, पण एका वेळी तेरा खातो."

(मुंबईच्या गुंडांच्या भाषेत पिस्तुलाला घोडा म्हणतात; पाठ म्हणजे त्याच्या मुठीची मागची बाजू. ताईला कळू नये म्हणून भावोजींनी तो शब्द धरला होता. पुण्यात घोड्याला घोडा म्हणतात.)

पाठ कशी बदलते, तेरा काय खातो, असले प्रश्न मला पडले नाहीत. मला फक्त सरंजामशाही दिसली. जग घरात कोंडलंय, आणि नारळ फोडताना डोळे मिटणारा हा इसम पिढ्या बघून घोडा घेतोय! मी खाली येऊन संतापाने भाचीला सांगितलं, "सई, तुझा बाबा घोडा घेतोय."

मी आरोप केला होता. सईने ती बातमी म्हणून ऐकली. पुढच्या महिन्यात तिला आठ पूर्ण होणार होती, शाळा स्क्रीनवर होती, आणि कित्येक आठवडे ती एकाही मैत्रिणीशी खेळली नव्हती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. त्या दिवशी उत्तर आलंच नाही. तिने घोड्याचं चित्र काढलं, फ्रिजवर लावलं आणि खाली नाव लिहिलं: पोहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने भावोजींना विचारलं, "पापा, वानेर कोम्ट हेट पार्ट?" म्हणजे, घोडा कधी येणार. डचमध्ये घोड्याला 'पार्ट' म्हणतात. भावोजींचं डच 'पिशवी नको' इथे संपतं. त्यांना फक्त 'पार्ट' ऐकू आलं आणि वरण शर्टावर सांडलं.

"कुठला पार्ट? तुला कोणी सांगितलं?" ताई आत कॉलवर होती. ते कुजबुजले, "पार्टबिर्ट नाही गं, येईल तेव्हा अख्खा येईल. आधी क्लबात जायचं, वर्षभर शिकायचं, मग पोलिसांची परवानगी. तोवर आईला सांगायचं नाही."

सईने मान डोलावली. वर्षभर शिकणं तिला पटलं. पोलिसांचंही फार वाटलं नाही, या देशात झाड तोडायलाही परवानगी लागते.

इकडे मी पत्रक लिहिलं: 'घोडा कोणासाठी?' भावोजींच्याच प्रिंटरवर छापलं, सायकल काढली आणि गावातल्या प्रत्येक मराठी घरात टाकून आले. बाडहूव्हडॉर्पच्या दोन कुटुंबांना पोस्टाने पाठवलं. मजकूर जळजळीत होता. "घोड्याने आजवर कोणाचं पोट भरलं? घोडा घरात आला की माणूस मोठा होत नाही, घर लहान होतं."

सईच्या वाढदिवसाला शेजारच्या हॅनीआजी मास्क लावून आल्या, दारात एक जुनं खोगीर ठेवलं आणि दीड मीटर मागे जाऊन उभ्या राहिल्या. कुंपणावरून सईने त्यांना पोहेबद्दल सगळं सांगितलं होतं. खोगीर त्यांच्या मुलीचं होतं.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"फोर पोहे," सई म्हणाली. पोहेसाठी.

"पोह्यांना खोगीर?"

माझी वेळ आली होती. मी पत्रक उंच धरलं. "नवऱ्याला विचार, ताई. चौथ्या पिढीचा की पाचव्या? एका वेळी तेरा खातो म्हणे."

ताईने पत्रक वाचलं, मग भावोजींकडे पाहिलं. "मंदार, तेरा काय खातो?"

भावोजींनी खोगिराकडे पाहिलं. "गोळ्या," ते म्हणाले.

"पोहे आजारी आहे?" सईने विचारलं. मराठीत.

हॅनीआजींना भाषा येत नव्हती, तरी त्यांनी मास्क नीट केला आणि घरी गेल्या.

"सांग तिला," ताई म्हणाली. "तुझी शीट मी कधीच वाचलीय. ती काढ आणि दाखव. पंचेचाळीस कॅलिबर म्हणजे काय, तेही सांग."

भावोजींनी पायरीवर बसून तिला एवढंच सांगितलं, की बाबाचं चुकलं, पोहे येणार नाही. सई रडली नाही. तिने चित्र फ्रिजवरून काढलं, घडी केली आणि खोगिराखाली ठेवलं. ते पाहून भावोजी माळ्यावर गेले आणि त्यांनी शीट पुसली. नेमबाजीचा क्लब तर तसाही बंदच होता.

घोडेस्वारीची शाळा उघडल्यावर दर शनिवारी भावोजी चिखलात लगाम धरून चालायचे आणि सई वर बसायची, हॅनीआजींच्या खोगिरावर. पहिल्याच आठवड्यात घोड्याने त्यांना खांद्याने असा धक्का दिला, की ते कुंपणात जाऊन बसले. तो कोणत्या पिढीचा होता, हे त्यांनी विचारलं नाही.

राहता राहिले मी. शस्त्रांविरुद्ध जन्मभर बोलत आले, आणि शस्त्र माझ्या डोक्यावरच्या माळ्यात शिजत होतं, तेव्हा सगळा कागद मी एका निरपराध जनावरावर संपवला. तेव्हा एक विनंती आहे. 'घोडा कोणासाठी?' हे पत्रक तुमच्या घरी आलं असेल, तर कृपया पेन घ्या, जिथे जिथे 'घोडा' आहे तिथे 'पिस्तूल' करा, आणि पुढच्या घरी द्या. बाकी मजकूर बदलायची गरज नाही.