भिंतीवरचा तेलाचा डाग

आमच्या वाचनालयाची इमारत जुनी, सागवानी खांबांची. तिची नोंद करायला पुण्याहून एक मुलगी यंत्र घेऊन येणार होती. लेझरने भिंती मोजायच्या, शेकडो फोटो काढायचे आणि संगणकात अख्खी इमारत जशीच्या तशी उभी करायची, असं अध्यक्षांनी आम्हाला समजावलं. मग पाहुणे येणार म्हटल्यावर आपण जे करतो तेच त्यांनी केलं. चुना आणवला.

माझा जीव पूर्वेच्या भिंतीत अडकला होता. तिथल्या बाकावर माझे यजमान शाळेतून निवृत्त झाल्यावर रोज पेपर वाचत, आणि अग्रलेखापाशी पोचले की डोकं मागे टेकून डुलकी काढत. खोबरेल ते सढळ हाताने लावत. वर्षानुवर्षांच्या डुलक्यांनी भिंतीवर एक तपकिरी गोल उमटला होता. घरच्या भिंतीवर असा गोल दिसता तर मी त्यांना जेवू दिलं नसतं. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, आणि मी त्या बाकावर बसू लागले.

तीन भिंती पांढऱ्या करून रंगारी माझ्यासमोर उभा राहिला.

"काकू, उठा की. येवडी एकच ऱ्हायलीय."

"एवढं प्रकरण संपू दे."

कादंबरी जाड होती. त्याने बादलीशेजारी बसून भाकरी खाल्ली, शेंगाचटणी मलाही देऊ केली. शेवटी त्याने अध्यक्षांनाच बोलावून आणलं.

"वहिनी, लांबनं लोक येनार. सरांच्या डोक्याचं तेल कशाला दावायचं त्यांना?"

खरं कारण चार माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. मी पान उलटलं. अध्यक्ष उसासा टाकून आपल्या दुकानाकडे गेले, रंगारी घरी.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच मी बाक गाठला. थोड्या वेळाने अध्यक्षांबरोबर ती मुलगी आली, तिने तीन पांढऱ्या भिंती पाहिल्या आणि आपल्या पेटीवर मटकन बसली.

"काका, रंगवलंत कशाला? फोटो एकमेकांना जुळवायला भिंतीवर खुणा लागतात. डाग, चिरा, ओघळ. कोऱ्या भिंतीत संगणकाला धरायला काहीच मिळत नाही." मग तिने माझ्या मागे पाहिलं. "ही मात्र उत्तम आहे."

"ही आमी मुद्दाम ठिवली," अध्यक्ष तत्काळ म्हणाले. "व्हय की नाही, वहिनी?"

"व्हय," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच 'व्हय' म्हणाले असेन.

काम सुरू करताना तिने मलाही उठवलं. दाराबाहेरून मी ते यंत्र गरगर फिरताना पाहत राहिले. काही दिवसांनी तिने तयार झालेलं चित्र लॅपटॉपवर दाखवलं. पांढऱ्या भिंती कसर लागलेल्या चादरीसारख्या फाटक्या आल्या होत्या. पूर्वेची भिंत अखंड होती, गिलाव्याच्या चिरेसकट, डागासकट. तिने चित्र फिरवायला बोट उचललं.

"थांब जरा," मी म्हटलं. ती थांबली.

मग मीच रंगाऱ्याला म्हणाले, "घ्या आता ही पण." त्याने चुन्याचे दोन हात मारले. भिंत लख्ख झाली. आठवड्याभरात चुन्यातून पिवळसर गोल हळूहळू वर आला. तेलावर चुना कुठला टिकतोय!

अध्यक्ष कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"वहिनी, सर काय उठायला तयार न्हाईत बगा."

मी पुस्तकात मान घातली. हसू आलेलं त्यांना दिसलं असतं.