काकूचा गजरा

काकूच्या डोक्यावर आधी लालसर गाठी उठल्या, मग केस गेले आणि गुळगुळीत, चकचकीत कातडी राहिली. वाईत महारोगाची कुजबूज सुरू झाली, तेव्हा काका तिला मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कातडीचा तुकडा काढून तपासला. हा महारोग नव्हे, सार्कॉइडोसिस. कोणाला लागत नाही, पण व्रण पडले तिथे केस परत येणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येताच काकूने उरलेल्या बटाही कातरून टाकल्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी तिच्याबरोबर गेले होते. ती तांबडं लुगडं नेसली होती, सोवळ्या विधवा नेसतात त्या आलवणाच्याच रंगाचं. उकाड्याने तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला. गजरे वाटणारी त्या घरची नवी सून मागून आली, आणि केशवपन केलेली विधवा समजून काकूला वगळून पुढे गेली.

काकू वळली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

"अगं, नवरा घरी घोरत पडलाय माझा," ती म्हणाली. "आण इकडे तो गजरा."

माळायला केस नव्हते. तिने तो मनगटाला बांधला आणि पदर खांद्यावरच ठेवून, भर पेठेतून, एखाद्या शौकीन बाप्यासारखी हुंगत हुंगत घरी आली.