पुणे की नाशिक

विक्रेत्यांची वार्षिक बैठक पुण्यात घ्यायची की नाशकात, हे राजेश्वरीला दुपारपर्यंत सुप्याच्या कारखान्यातल्या साहेबांना कळवायचं होतं. दोन्हीकडचे हॉल, खोल्या, जेवण, सगळं सारखंच निघालं. तेवढ्यात ड्रायव्हर अजिनाथकाका गाडीची चावी ठेवायला आले. वीस वर्षं ते सगळ्यांना बैठकांना नेत होते. निवृत्तीआधीची ही शेवटची बैठक.

"काका, तुम्हीच सांगा, कुठं बरं?"

"नाशिक."

"हॉल मोठा आहे म्हणून?"

"हॉल कुनी बघितलाय, म्याडम? पुन्यात आमी तळघरात गाडीपाशी बसतो. नाशकात मागं एकदा ड्रायव्हरलाबी गरम पान वाढलं हुतं."

"पण तुम्हाला तर घरची भाकरीच आवडते ना? डबा असतो तुमचा."

"मग दुसरं काय सांगनार? खरं सांगितलं असतं तर तुमी ताटावरनं उठून आला असता."

सहा बैठकांना राजेश्वरी त्यांच्याच गाडीतून गेली होती, आणि दर वेळी पोटभर जेवून परतली होती.

तिने नाशिकच्या हॉलवाल्यांना फोन लावला.

"साठ पाहुणे," ती म्हणाली, "आणि चौदा ड्रायव्हर. त्यांची पानं आतच, आमच्यासोबत."

काका दारातच थांबले होते.

"म्हंजे आता इस्त्रीचा शर्ट घालावा लागंल की," ते म्हणाले.