फुगवलेल्या गादीवर बसू नये

काही ठिकाणी किस्से शोधावे लागतात. आमच्याकडे ब्लोअर चालू केला की पुरे! बमरोलीत आमचा कारखाना. लग्नाच्या फुगणाऱ्या कमानी, सोफे, पाण्यावर तरंगणाऱ्या गाद्या, सगळं पातळ कापडात हवा भरून. चहाला बसलं की एकातून दुसरा किस्सा निघतोच.

* * *

फुगणारा सोफा ही आमचे शेठ जिग्नेशभाई यांची आयडिया. गिऱ्हाइकाला डेमो द्यायला स्वतःच ऐटीत मधोमध बसले. मधला भाग खाली, दोन्ही बाजू वर, आणि शेठ पुस्तक मिटावं तसे मिटले!

"अरे, मने बहार काढो!"

गिऱ्हाईक गंभीरपणे म्हणालं, "माल बरा आहे. पण पाहुणे घरी कधी जाणार?"

* * *

एका लग्नात कमानीला दोऱ्या इतक्या आवळल्या, की प्रत्येक गाठीपासून सुरकुत्या फाकल्या. नवरीच्या वडिलांचा फोन आला, "व्हिडिओत सुरकुत्या दिसताहेत!"

आमच्या डिझाइनर वैशाली मॅडम म्हणाल्या, "काका, दोऱ्या जरा सैल सोडा."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "मॅडम, सुरकुत्या गेल्या!"

"छान!"

"कमानही गेली!"

* * *

त्यावर मॅडमनी सगळ्यांना समजावलं. पातळ कापड ताण सोसतं, दाब सोसत नाही. एकाच जागी भार दिला की भोवती घड्या पडतात.

शिलाईवरच्या सुनंदाताई मान वर न करता म्हणाल्या, "माझी सासू तशीच. चार पाहुण्यांत ताणून गोड. मी एकटी काही बोलले की कपाळभर आठ्या!"

* * *

मागच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी डिंडोलीत आमच्या गल्लीत शिरलं. माझ्या छातीपर्यंत. तळमजल्यावर गंगूआजी एकटीच, धुळ्याकडची, गुडघे गेलेली. खाटेवर उभी राहून खिडकीचा गज धरलेला. मी आणि जिग्नेशभाई कारखान्यातली तरंगती गादी घेऊन पोचलो.

आजीला उचलून गादीवर बसवलं. बसल्याबरोबर गादी तिच्याखाली खचली, कडा वर आल्या, चहूकडून सुरकुत्या तिच्याकडे धावल्या आणि त्यांतून पाणी आत येऊ लागलं. मी ओरडलो,

"आजी, आडवी हो! सगळं अंग टेकव!"

"मी नही झोपाव!" आजी अहिराणीत कडाडली. "लोके म्हनतीन, म्हतारी गयी!"

"पाणी चढतंय, आजी!"

"चढू दे!"

जिग्नेशभाईंनी हात जोडले आणि गुजरातीत आईला घालतात तशी साद घातली, "बा, मी धरतो ना. हलू नाही देणार."

आजीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर नीट घेतला आणि हळूच आडवी झाली. गादी सपाट झाली. आम्ही दोघं दोन बाजूंनी ढकलत निघालो. दोन्हीकडच्या गच्च्यांवर माणसं गप्प उभी होती. कोणीतरी हात जोडले.

तेवढ्यात आजीने पडल्यापडल्याच उजवा हात सरळ वर केला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत एकेका गच्चीकडे बघून हलवत राहिली.